आमरींची वंशावळ

पुणे जिल्ह्यात आमरी, म्हणजे ऑर्किड, शोधायच्या तर पावसाचा माग काढत पश्चिमेला जावे लागते. सोलापूर रस्त्यावरच्या कुरकुंभला, फिरंगाई देवीच्या मुलखात, वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर असतो. तिथून दीडशेएक किलोमीटरवरच्या खंडाळ्यात तोच पाऊस चार हजारांचा आकडा ओलांडतो. जिल्हा एकच, पण वनस्पतींच्या दृष्टीने हे दोन वेगळे देश आहेत. बोरी-बाभळींचा उघडा, कोरडा मुलूख सोसणारी वँडा टेसेलाटासारखी एखादी आमरी जुन्या आंब्याच्या फांदीला धरून राहते. पन्हळीसारखी जाड पाने आणि हवेत लोंबणारी पांढुरकी मुळे हीच तिची शिदोरी. तिची मुळे ‘रास्ना’ म्हणून काष्ठौषधीच्या दुकानात विकली जातात. पण मुळशी, मावळ, वेल्ह्याकडे सरकावे तसा आमरींचा पसारा वाढत जातो. झाडांवर डेंड्रोबियम, एरिडीस, एरिया, ओबेरोनिया. कातळावरच्या चार बोटे मातीत हाबेनारिया. कारवीच्या सावलीत नर्विलिया. महाराष्ट्रातल्या आमरींची जातीसंख्या शंभराच्या पुढे जाते आणि त्यातल्या बहुतेक सह्याद्रीच्या याच ओल्या पट्ट्यात आहेत.

या शंभरावर जाती कोणी, कशा ओळखल्या, कोणत्या घराण्यात बसवल्या आणि त्यांची घराणी पुन्हा पुन्हा का बदलली, याचा इतिहास जवळपास साडेतीनशे वर्षांचा आहे. तो बहुतांशी आमरींवर पोट नसलेल्या माणसांनी घडवला: टपाल खात्याचा अधिकारी, जकात खात्यातला नोकर, लष्करी डॉक्टर, रेल्वेचा पूल बांधणारा इंजिनिअर, जेझुइट पाद्री. आणि त्यांच्याबरोबर घाटात भिजलेली इथली माणसे, ज्यांचे नुसते एकेक नाव कागदावर राहिले.

सुरुवात सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला झाली. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले एक प्रमाणपत्र आहे. रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तीन कोंकणी वैद्यांनी १६७५ च्या एप्रिलमध्ये ते दिले. ग्रंथातली माहिती आपण तपासून दिली, असे ते सांगतात. गोव्याकडून दक्षिणेला गेलेल्या समाजातले हे लोक. युरोपात छापलेल्या एवढ्या मोठ्या वनस्पतिग्रंथाच्या दाराशी आपली लिपी उभी आहे, ही गोष्ट महाराष्ट्रात अजून पुरेशी ठाऊक नाही.

झाडांवर वाढणाऱ्या आमरी बाराव्या खंडात आल्या. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये जगातल्या वनस्पतींना दोन-दोन शब्दांची नावे दिली, तेव्हा व्हान ऱ्हीडची चित्रे त्याच्यासमोर होती. आपल्याकडे ‘सीतेची वेणी’ म्हणून ओळखली जाणारी, गुलाबी ठिपक्यांच्या फुलांचा लांब गजरा लोंबवणारी आमरी त्याच चित्रांवरून त्याच्या यादीत गेली. तिला नाव मिळाले एपिडेंड्रम रेटुसम. उष्ण कटिबंधातली झाडावर बसणारी जवळपास प्रत्येक आमरी लिनियसने एपिडेंड्रममध्येच टाकली. साऱ्या आमरी-कुलासाठी त्याच्याजवळ अवघ्या आठ प्रजाती, म्हणजे जातींची घराणी, होत्या. आज तिथे सातशेच्या वर प्रजाती आणि २८ हजारांच्या आसपास जाती मोजल्या जातात. लिनियसला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती युरोपातल्या मूठभर आमरी आणि इतरांनी काढलेली चित्रे होती, आणि चित्रात परागपिंड दिसत नाहीत.

आमरीच्या वर्गीकरणाची किल्ली या परागपिंडांत आहे. इतर फुलांत पराग पिठासारखा सुटा असतो, आमरीत त्याच्या गोळ्या झालेल्या असतात. डेंड्रोबियमच्या फुलात टाचणीच्या टोकाने वरची टोपी उचलली की खाली मेणासारख्या पिवळ्या चार गोळ्या सापडतात. एरियात त्या आठ असतात. वँडात दोन, एका पट्टीने चिकट चकतीला जोडलेल्या. हाबेनारियात दोन, पण मेणासारख्या गुळगुळीत नाहीत, बारीक कण घट्ट बसवल्यासारख्या, आणि प्रत्येकीला स्वतंत्र देठ आणि चकती. इंग्लंडमधल्या जॉन लिंडले यांनी १८३० ते १८४० या दहा वर्षांत आमरींच्या सुमारे दोन हजार जाती या परागपिंडांच्या आधारावर लावल्या. भारतात ते कधी आले नाहीत. इथून जहाजाने गेलेल्या वाळक्या नमुन्यांतली फुले पाण्यात भिजवून, भिंगाखाली उघडून त्यांनी हे काम केले.

लिंडले लंडनला बसून आमरींची घराणी लावत होते, त्याच काळात मुंबईत जॉन ग्राहम टपाल खात्यात डेप्युटी पोस्टमास्टर जनरल होते. नोकरीतून वेळ काढून त्यांनी मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची यादी केली. ती छापखान्यात असतानाच १८३९ च्या मे महिन्यात खंडाळ्याला त्यांचे निधन झाले. वय चौतीसच्या आसपास. उरलेले काम त्यांचे मित्र जोसेफ निमो यांनी पुरे केले आणि त्याच वर्षी यादी प्रसिद्ध झाली. हाबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा हे नाव त्या यादीतून आले. पावसाळ्याच्या मध्यावर डोंगरउतारावर गवतातून वर येणारी ही पांढरी आमरी. फुलामागे हिरवट नळी लोंबते, ती फुलाच्या कितीतरी पट लांब. मध या नळीच्या तळाशी असतो आणि तिथवर पोचेल अशी सोंड फक्त काही पतंगांना असते. म्हणून फूल पांढरे, म्हणून त्याचा वास अंधार पडताना वाढतो. नळीची लांबी आणि पतंगाची सोंड यांचा संबंध चार्ल्स डार्विनने १८६२ च्या आपल्या आमरींवरच्या पुस्तकात मांडला. ग्राहमने नाव देताना ती नळीच पकडली होती.

पुण्याला तेव्हा वनस्पतिशास्त्राचे केंद्र होते दापोडी. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात, १८२८ मध्ये, तिथे सरकारी बाग सुरू झाली. इंग्रजी कागदांत ती ‘दापुरी’ म्हणून सापडते. १८३८ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिचे प्रमुख झाले आणि पुढची बावीस वर्षे राहिले. गिब्सन स्कॉटलंडचे, शिक्षणाने शल्यवैद्य. बागेचे मुख्य काम इस्पितळांना औषधी पुरवणे आणि परदेशी पिके इथे रुजतात का पाहणे. जुन्नरच्या बाजूला हिवऱ्याला बागेची एक शाखा होती. १८४७ मध्ये गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. घाटातली जंगले तुटली तर खालच्या कोकणातले झरे आटतील, हे त्यांनी सरकारला पुन्हा पुन्हा लिहून कळवले. झाडावरच्या आमरीला दुसरे घर नसते. तिच्या खालचे झाड गेले की ती गेली. गिब्सन यांना आमरींचे शास्त्रज्ञ म्हणता येणार नाही, पण त्यांनी ज्या जंगलांसाठी भांडण केले त्यांतच आजच्या आमरी उरल्या आहेत. जोसेफ हूकर यांनी पुढे एका हाबेनारियाला गिब्सन यांचे नाव दिले, हाबेनारिया गिब्सोनी. ते त्यांना शोभते.

गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या आणि रानातल्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. चित्रकार गोव्याकडचा पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच कागदांवरून कळते. नाव कुठेही नोंदलेले नाही. चित्रे एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपली आहेत आणि २००२ मध्ये हेन्री नोल्टी यांनी त्यांच्यावर सुंदर ग्रंथ काढला. त्या काळी अशा चित्रांची गरज किती होती, हे वाळवलेला नमुना हाताळल्यावर कळते. आमरीचे फूल मांसल असते. टीपकागदात दाबले की ते तपकिरी पडते, ओठ आणि पाकळ्या एकमेकांना चिकटतात, रंग तर जातोच जातो. ताज्या फुलाचे चित्र, नाहीतर मद्यार्कात बुडवून ठेवलेले फूल, एवढेच दोन साक्षीदार राहतात.

निकोल डालझेल हे या गोष्टीतले माझे सर्वांत आवडते पात्र. ते १८४१ मध्ये मुंबईला आले आणि जकात खात्यात लागले. कोकणच्या बंदरांवर नोकरी, मागे सह्याद्री. १८५० पासून तीन वर्षे त्यांनी विल्यम हूकर यांच्या मासिकात पश्चिम भारतातल्या नव्या वनस्पती एकापाठोपाठ एक प्रसिद्ध केल्या. पुढे गिब्सन निवृत्त झाल्यावर वनसंरक्षकपद त्यांच्याकडे आले. १८६१ मध्ये दोघांच्या नावाने ‘बॉम्बे फ्लोरा’ निघाला, तो भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापलेला. शिवनेरीवरची प्रसिद्ध फ्रेरिया, म्हणजे शिंदळ माकुडी, तीही डालझेल यांनीच शास्त्राच्या नजरेस आणली.

डालझेल यांच्या एका छोट्या आमरीची कथा सांगितली तर वर्गीकरण कसे चालते ते समोर येईल. १८५१ मध्ये त्यांनी घाटातल्या एका इवल्याशा आमरीचे वर्णन केले. झाडाच्या सालीला चपटे, नखाएवढे कंद चिकटलेले, पावसात त्यातून दोन पाने आणि बारीकशी पांढुरकी फुले. त्यांनी ती डेंड्रोबियममध्ये घातली: डेंड्रोबियम मायक्रोकिलोस. काही वर्षांत लिंडले यांनी तिचे फूल उघडून पाहिले. परागपिंड आठ. म्हणजे डेंड्रोबियम नव्हे, एरिया. जोसेफ हूकर आणि ज्यांची गाठ पुढे पडेल ते कुक, सांतापाव, सगळ्यांच्या पुस्तकांत ती एरिया म्हणूनच आहे. पण एरिया ही प्रजाती हळूहळू धर्मशाळा झाली. आठ परागपिंडांची, पण बाकी कशातच न जुळणारी कितीतरी झाडे तिच्यात मुक्कामाला आली. १९८० च्या दशकात ही छोटी चपट्या कंदांची मंडळी काँकिडियम नावाने वेगळी काढली गेली. मग डीएनएचे पुरावे आले आणि २०१८ मध्ये काँकिडियमच पॉरपॅक्स या जुन्या प्रजातीत विलीन झाली. आता तिचे नाव पॉरपॅक्स मायक्रोकिलोस. पौने दोनशे वर्षांत चार घरे, पण ‘मायक्रोकिलोस’ हा डालझेल यांचा शब्द सुटला नाही, आणि नावापुढे कंसात त्यांचे नाव अजून लिहावे लागते. पहिल्यांदा ओळख पटवणाऱ्याचा हक्क वनस्पतिशास्त्राने नियमातच बसवला आहे.

डालझेल यांच्या मायक्रोपेरा विरिडिफ्लोरा आणि मायक्रोपेरा मॅक्युलाटा या दोन आमरींचेही असेच झाले. त्या सार्कोकायलससह बऱ्याच प्रजातींत फिरल्या, कुठेच नीट मावल्या नाहीत. शेवटी १९७४ मध्ये बंगळूरचे फादर सेसिल सालदाना यांनी त्यांच्यासाठी स्मिथसोनिया ही नवी प्रजाती केली. हासन जिल्ह्याच्या वनस्पतींच्या कामात स्मिथसोनियन संस्थेने त्यांना मदत केली होती, त्याची ही आठवण. सव्वाशे वर्षे उपऱ्यासारख्या हिंडलेल्या सह्याद्रीच्या आमरींना स्वतःचे घर मिळाले.

डालझेल-गिब्सन यांच्यानंतर पुण्याची सूत्रे थिओडोर कुक यांच्याकडे आली. कुक आयर्लंडचे. १८६० मध्ये बी.बी.सी.आय. रेल्वेत इंजिनिअर म्हणून आले, वसईच्या खाडीवरचा लोखंडी पूल त्यांच्या देखरेखीखाली झाला. १८६५ पासून ते पुण्याच्या सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे पुढच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. दापोडीची बाग तोवर बंद पडून गणेशखिंडीत नवी बाग उभी राहत होती. तिच्यावर जॉर्ज मार्शल वुड्रो होते, तेच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. १८९३ मध्ये कुक निवृत्त होऊन लंडनच्या क्यू उद्यानात गेले आणि तिथे त्यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ लिहिला. १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने निघाला. आमरी दुसऱ्या खंडात आहेत. शंभरावर वर्षे झाली, पण महाराष्ट्रातला वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी अजूनही ‘कुक काय म्हणतो’ असे विचारतो.

कुकच्या पानांवर प्रत्येक जातीखाली ठिकाणे आणि गोळा करणाऱ्यांची नावे येतात. नावापुढे उद्गारचिन्ह असले तर त्याचा अर्थ, तो नमुना लेखकाने स्वतः पाहिला. स्टॉक्स! लॉ! वुड्रो! आणि त्यांच्याच ओळीत कानिटकर! भिवा! गारदे! रानडे! ही पुण्याच्या कॉलेजशी आणि बागेशी बांधलेली माणसे. रानडे यांचे नाव अबुटिलॉन रानडेई या सोनघंटेत कायमचे राहिले. आंबा घाटातून त्यांनी आणलेल्या फुलावरून वुड्रो आणि स्टाफ यांनी १८९४ मध्ये ते ठेवले. भिवाचे तसे काही झाले नाही. त्याचे आडनाव नाही, गाव नाही, हुद्दा नाही. पण पुस्तक चाळताना तो पानोपान भेटतो. भर पावसात घाट चढायचा, कातळावरून कंदासकट रोप अलगद सोडवायचे, ते कोमेजण्याआधी कागदात घालायचे, रोज कागद बदलायचे, बुरशी चढू द्यायची नाही, हे सगळे जो करतो त्याचे डोळे तयार झालेले असणार. दोन हाबेनारियांतला फरक त्याला प्राचार्यांच्या आधी कळला असेल, असे मला खात्रीने वाटते. क्यूच्या टेबलावर बसून कुक यांनी उद्गारचिन्ह लावले, त्यामागे भिवाची भिजलेली पायपीट आहे. इलाख्याच्या वनस्पतिशास्त्राचा इतिहास लिहिताना ही नावे तळटीपेत जाता कामा नयेत.

त्या पानांतली आणखी एक गोष्ट दौंड-शिरूरकडच्या वाचकाला खटकेल. कुक ठिकाण लिहितात ‘दख्खन’, आणि पुढे येते महाबळेश्वर, लोणावळा, मावळ. घाटमाथा त्यांच्या हिशेबी दख्खनमध्येच मोडतो. त्यामुळे एखादी आमरी ‘दख्खनची’ आहे असे वाचून भीमेच्या खोऱ्यात तिला शोधायला गेले तर पदरी निराशाच पडेल. नमुने गोळा होण्याची ठिकाणे बघितली की कारण कळते. खंडाळा, माथेरान, महाबळेश्वर, आंबा घाट, कॅसलरॉक. जिथे साहेबाचा बंगला, थंड हवा किंवा रेल्वे, तिथे पाहणी दाट. पूर्वेच्या माळरानावर ती फार विरळ. आमरींसारखे पावसावर जगणारे कुल पूर्वेला कमी असणार हे खरेच, पण आपल्या नकाशावरची कोरी जागा सगळी पावसामुळे कोरी नाही.

कुक यांच्या आमरी पुन्हा तपासण्याचे काम मुंबईत झाले. सेंट झेवियर्स कॉलेजचे स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लाटर आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चार्ल्स मॅककॅन यांनी सोसायटीच्या नियतकालिकात १९३१-३२ मध्ये इलाख्यातल्या आमरींची फेरतपासणी छापली. मॅककॅन यांचा जन्म कॅसलरॉकचा. घाटातल्या झाडांवर चढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

पुण्याच्या टेकड्यांवरची एक हाबेनारिया या दोघांनी हाताळली, तीच आज सर्वांत ओळखीची आहे. जूनचे पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की सिंहगड-पुरंदरच्या उतारांवर गवत वर येण्याआधी जमिनीला चिकटलेले एक गोल, जाडसर पान दिसते. त्याच्या मधून वीतभर दांडा निघतो आणि टोकाला दोन-चार पांढरी शुभ्र फुले. ओठाचे तीन भाग, मागे नळी. महिन्याभरात गवत कमरेला लागते तोवर हिने बी धरलेले असते. मुळाशी दोन कंद असतात: एक गेल्या वर्षीचा, सुरकुतत चाललेला, त्यातून यंदाचे फूल जगते, दुसरा ताजा, टणक, पुढच्या वर्षासाठी भरत असलेला. फूल तोडताना रोप उपटले की दोन्ही वर्षे जातात.

‘बॉम्बे फ्लोरा’ने १८६१ मध्ये हिला हाबेनारिया ग्रँडिफ्लोरा म्हटले. पण तेच नाव १८२६ मध्येच उत्तर अमेरिकेतल्या आमरीसाठी वापरून झाली होती. एका प्रजातीत एक नाव दोघींना देता येत नाही आणि मान आधीच्या नावाला. अमेरिकेची ती आमरी पुढे प्लाटांथेरा या दुसऱ्या प्रजातीत निघून गेली, तरी नाव मोकळे होत नाही. म्हणून १९३२ मध्ये ब्लाटर-मॅककॅन यांनी आपल्या आमरीला नवे नाव दिले, हाबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. उच्चारायला अवघड आहे खरे, पण सिंहगडावरच्या फुलाचा गोंधळ अमेरिकेतल्या फुलाशी होऊ नये म्हणून एवढी काळजी घेतली गेली.

नर्विलियाने त्यांना वेगळाच त्रास दिला असणार. हिचे फूल मे-जूनमध्ये येते तेव्हा रोपाला पान नसते. फूल वाळून गेल्यावर काही आठवड्यांनी त्याच कंदातून एकच घडीदार पान उगवते. म्हणजे हर्बेरियमच्या एका कागदावर पानाशिवाय फूल, दुसऱ्यावर फुलाशिवाय पान, आणि ती दोघे एकाच जातीची की दोन जातींची हे कागदावरून ठरत नाही. खूण करून त्याच जागी दुसऱ्यांदा जाणे हाच उपाय. ब्लाटर-मॅककॅन यांनी नर्विलियाच्या नव्या जाती सांगितल्या. घाटात वारंवार जाणाऱ्यालाच ते जमते.

ब्लाटर १९३४ मध्ये गेले. झेवियर्सची परंपरा फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी चालवली. स्पेनच्या कॅटालोनियातून आलेल्या या पाद्र्याने खंडाळा पायाखाली घातला. त्यांचा ‘फ्लोरा ऑफ खंडाळा’ १९५३ मध्ये निघाला. पुणे जिल्ह्याच्या एका कोपऱ्याचे एवढे बारीक वर्णन दुसरे नाही. स्वतंत्र भारतात वनस्पती सर्वेक्षण खात्याची, म्हणजे बीएसआयची, फेररचना झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात त्याचे पश्चिम विभागाचे केंद्र सुरू झाले. १९६१ मध्ये सांतापाव साऱ्या खात्याचे संचालक झाले. झेड. जे. कपाडिया यांच्यासह त्यांनी आमरींवर वर्षानुवर्षे काम केले. पाचगणीच्या पठारावरून हाबेनारिया पंचगनिएन्सिस ही नवी जात त्यांनी १९५७ मध्ये नोंदवली. १९६६ मध्ये दोघांचा ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ प्रसिद्ध झाला. प्रत्येक जातीचे वर्णन, सुटी करून दाखवलेली फुलांची रेखाचित्रे, कुठे आणि कोणत्या महिन्यात दिसली याची नोंद. कुक यांच्या पुस्तकात आमरी इतर वनस्पतींमधला एक अध्याय होत्या, इथे त्यांना स्वतंत्र ग्रंथ मिळाला. सांतापाव १९७० मध्ये मुंबईत वारले.

पुढचा धक्का प्रयोगशाळेतून आला. विसाव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींच्या डीएनएवरून नातीगोती लावणे शक्य झाले. आमरी-कुलाचे आता पाच उपकुलांत विभाजन मान्य आहे, आणि लिंडले यांची परागपिंडांवरची मोठी चौकट अनेक ठिकाणी टिकली. मोडली ती प्रजातींच्या पातळीवर. झाडांवरच्या बल्बोफायलमने सिऱ्होपेटालम गिळून टाकले. एरिया फुटली, ते वर आलेच. हाबेनारियात तर अजून वाद मिटलेला नाही. सातआठशेच्या वर जातींची ही प्रजाती दोन्ही गोलार्धांच्या उष्ण प्रदेशांत पसरली आहे, आणि महाराष्ट्रात तिच्या दोन डझनांच्या आसपास जाती आहेत. डीएनएच्या झाडावर ती एका फांदीवर एकत्र येत नाही; पेक्टेलिससारख्या वेगळ्या मानलेल्या प्रजाती तिच्या जातींच्या मध्येच उगवतात. कास आणि महाबळेश्वरच्या बाजूला श्रावण-भाद्रपदात तळहाताएवढी, झालरीच्या ओठाची, सुगंधी पांढरी फुले धरणारी पेक्टेलिस गिगांटिया जुन्या ग्रंथांत हाबेनारियाच होती. तिला तिथे परत न्यायचे, की हाबेनारियाचेच तुकडे करून पेक्टेलिसला स्वतंत्र ठेवायचे, यावर शास्त्रज्ञांत दोन्ही मते आहेत.

हा वाद सोडवायला सह्याद्रीतल्या जातींचे नमुने लागतात, आणि इथे जुन्या कागदांना नवे महत्त्व आले आहे. वाळलेल्या पानाच्या लहानशा तुकड्यातूनही आता डीएनए काढता येतो. कोरेगाव पार्कातल्या बीएसआयच्या, मुंबईच्या ब्लाटर हर्बेरियमच्या आणि क्यूच्या कपाटांतले शंभर-दीडशे वर्षांचे नमुने त्यामुळे पुन्हा बोलते झाले. पण ज्या नमुन्यावर नुसते ‘दख्खन’ किंवा ‘कोकण’ लिहिले आहे, त्याचे मूळ ठिकाण गाठता येत नाही. तिथे ती आमरी आज उरली आहे की रस्ता, बंगले आणि वणव्यांनी गेली, हेही सांगता येत नाही. सगळ्या आमरींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस करारान्वये नियंत्रण आहे. पठारावरच्या हाबेनारियाला मात्र व्यापाऱ्यापेक्षा जेसीबीचे आणि गाड्यांच्या चाकांचे भय जास्त आहे. तिचे बी धुळीसारखे असते, त्यात अन्नसाठा नसतो. ठरावीक बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रुजत नाही. फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये हे दाखवून दिले. म्हणून एकदा उचकटलेल्या कातळावर दुसरीकडची माती आणि बी आणून टाकले तरी आमरी परत येण्याची हमी नसते.

आज घाटात जाणारे संशोधक नमुन्याच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश, उंची, दगडाचा प्रकार, जवळचे झाड आणि फुलाचा ताजा रंग लिहितात, फुलाच्या छायाचित्रांचा संच ठेवतात आणि एक फूल मद्यार्कात घालतात. गोळा करणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव चिठ्ठीवर येते, वाट दाखवणाऱ्या गावकऱ्याचेही लिहिणारे आता बरेच आहेत. कुरकुंभ-दौंडच्या माळांची आणि शिरूरच्या नदीकाठची अशी पाहणी पावसाळ्यातल्या नेमक्या आठवड्यांत, गावोगावच्या जुन्या आंब्यांवर नजर ठेवून व्हायला हवी आहे. तिथे आमरी फार थोड्या सापडतील, पण ज्या सापडतील त्या कोरड्या मुलखातल्या असतील, आणि तशा नमुन्यांची जागा कपाटांत अजून बरीचशी मोकळी आहे.